मधल्या मुक्कामाची कुळकथा

चंदगडच्या माणसाला लांबचा प्रवास एका दमात कधी घडलाच नाही. तालुक्यात आजही ना रेल्वे, ना विमानतळ. आखाताकडे निघालेला मुलगा आधी बेळगावच्या सांबऱ्याला किंवा गोव्यातल्या मोपाला जातो, मग बहुधा मुंबईला नाहीतर बेंगळुरूला विमान बदलतो, आणि त्याहून पुढे जायचं असेल तर दोह्यात किंवा दुबईत आणखी एकदा. हे मधले सात-आठ तास तो खुर्चीत पेंगत आणि चार्जिंगची जागा शोधत काढतो. त्याला वाटतं, ही विमानाच्या जमान्याची कटकट आहे. पण मधला मुक्काम विमानापेक्षा फार जुना आहे, आणि त्याचं एक मूळ चंदगडच्याच मातीत आहे.

बेळगावची पेठ आणि वेंगुर्ल्याचं बंदर यांच्यामध्ये सह्याद्री उभा आहे. सतराव्या शतकात डचांनी वेंगुर्ल्यात वखार घातली, पुढे इंग्रज आले, आणि देश-कोकणचा हा व्यापार वाढत गेला. तो चालायचा चंदगड तालुक्यातल्या पारगडाच्या परिसरातून कोकणात उतरणाऱ्या रामघाटाने. घाटावरून कापूस, तांदूळ, गूळ खाली जायचा. मीठ, नारळ, सुपारी, सुकी मासळी वर यायची. माल बैलांच्या पाठीवर, गोण्यांतून. बैलाला चारा-पाणी हवं, लादलेल्या गोण्या उतरवून पाठ मोकळी करायला हवी, आणि अंधारात जंगलातला घाट उतरणं म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून घाटाच्या माथ्याला आणि पायथ्याला तळ पडायचे. ज्याला देवळाची ओसरी मिळाली तो नशीबवान. तळावर नुसती विश्रांती होत नसे. मिठाच्या बदल्यात भात मोजला जाई, बाजारभाव कळत, आजारी बैलावर औषध मिळे, सोयरिकीचा विषयसुद्धा निघे. थांबणं हा प्रवासाचा खोळंबा नव्हता, प्रवासाचं निम्मं काम तिथेच होत असे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आंबोली घाटातून गाडीरस्ता झाला आणि वर्दळ तिकडे वळली. 1887 मध्ये बेळगावला रेल्वे आली, 1888 मध्ये मुरगाव बंदराची लाईन घाट चढून आली आणि वेंगुर्ल्याचा व्यापार ओसरला. रामघाटाचे तळ सुने पडले. मुक्काम मात्र संपला नाही, त्याने फक्त जागा बदलली. तो स्टेशनवर गेला.

त्यातलं आपल्या भागाच्या ओळखीचं स्टेशन म्हणजे मिरज. 1971 मध्ये पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग ब्रॉडगेज झाला, पण मिरजेहून बेळगावकडची लाईन 1990च्या दशकापर्यंत मीटरगेजच होती. रुळांची रुंदी वेगळी, म्हणून गाडी बदलणं भाग. मुंबईच्या गिरण्यांतून गावी निघालेला चंदगड-आजऱ्याकडचा जो कामगार रेल्वेने येई, तो ट्रंक, वळकटी आणि पोरंबाळं घेऊन मिरजेत उतरे आणि पुढच्या गाडीची वाट बघे.

आणि मिरज म्हणजे काही साधंसुधं जंक्शन नव्हे. ख्वाजा शमना मीरासाहेबांचा दर्गा इथे आहे आणि त्याच आवारात 1937 मध्ये निवर्तलेल्या गायक उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर. जवळच सतारमेकर गल्ली. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांनी सुरू केलेलं तंतुवाद्यांचं काम तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. दुकानात पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भले मोठे वाळलेले भोपळे टांगलेले असतात. कारागीर तानपुऱ्याच्या घोडीवर कानस फिरवतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा केसभर घासतो. जवारी काढणं म्हणतात ते हेच. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवतो आणि मघाचा मुका स्वर एकाएकी भरून येतो. हे पाहायला तासभर पुरतो, आणि पाहिलेलं जन्मभर पुरतं. 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. फलाटावरच्या बाकड्यावर बसून राहिलेल्याला यातलं काहीच दिसलं नाही.

विमानालाही सुरुवातीला रात्र ओलांडता येत नव्हती. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जेआरडी टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला टपाल आणलं. पुढचा टप्पा नेव्हिल व्हिन्सेंट यांचा. ते मद्रासकडे निघाले, पण वाटेत बेल्लारीला रात्र काढून दुसऱ्या दिवशी पोचले. त्याच सुमारास इंपीरियल एअरवेजच्या लंडन-भारत मार्गावरच्या प्रवाशांना रात्री उतरवण्यासाठी शारजाच्या वाळूत किल्ल्यासारखं विश्रामगृह उभं राहिलं. आज आपली मुलं जिथे नोकरीला जातात, त्या शारजाची हवाई ओळखच मुळी मुक्कामातून झाली.

पुढे विमानं रात्री उडू लागली, पण अटलांटिक ओलांडायला इंधन पुरेना. ती आयर्लंडच्या शॅननला उतरत. ताटकळलेल्या प्रवाशांना काय विकता येईल, याचा विचार ब्रेंडन ओ'रेगन यांनी केला आणि 1947 मध्ये विमानतळावरचं जगातलं पहिलं करमुक्त दुकान तिथे उघडलं. आता इंधनाची अडचण उरलेली नाही. चारी दिशांचे प्रवासी एका मोठ्या विमानतळावर गोळा करून पुन्हा वाटून देणं कंपन्यांना परवडतं, म्हणून आपण थांबतो. त्यातही शहाणी शहरं पाहुण्याला दाराशी तिष्ठत ठेवत नाहीत. सिंगापूर मधल्या प्रवाशांना शहराची मोफत सहल घडवतं. टर्किश एअरलाइन्स सहा ते चोवीस तास थांबणाऱ्या आपल्या प्रवाशांना इस्तंबूल दाखवते.

बैलाचा चारा, रुळांची रुंदी, रात्रीचा अंधार, विमानाचं इंधन. दर वेळी कारण बदललं, पण मुक्काम नाइलाजानेच जन्मला. त्या नाइलाजातून ज्यांनी काही कमावलं ते दोघेच: पाहुण्याची सोय करणारं गाव आणि डोळे उघडे ठेवणारा वाटसरू.

तेव्हा पुढच्या वेळी तिकीट काढतानाच मधला थांबा नीट बघा. त्या देशाच्या व्हिसाचे नियम आधी वाचा. सामान थेट शेवटच्या मुक्कामाला जातंय ना, हे काउंटरवर विचारून घ्या. हातातल्या तासांतून जाण्या-येण्याचा वेळ आणि परत तपासणीला लागणारे तीन तास वजा करा. उरलेले तास चारापेक्षा कमी असतील तर विमानतळातच पाय मोकळे करा, निवांत झोपा. जास्त असतील तर एकच ठिकाण निवडा. जमलं तर मंडई निवडा, कारण गाव काय पिकवतं, काय खातं आणि कसा भाव करतं हे तिथे तासाभरात कळतं. रामघाटाच्या तळावर आपल्या पूर्वजांनी हेच केलं होतं, तेही गोण्या उतरवून थकल्यावर. आपल्याला तर गोण्याही उचलायच्या नाहीत. उठा आणि गाव बघून या.