बोट पडेल ती ओवी

अफजलपूर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, दप्तर उर्दूचे. १९५६ साली ते म्हैसूर राज्यात गेले. पुढे दप्तर कन्नडचे झाले. आजोबांनी मराठी अक्षर राखले ते ओसरीवर. समर्थांचा दासबोध ते कोठेही उघडत. बोट पडेल ती ओवी आम्ही पाटीवर उतरवायची. मनाचे श्लोक मात्र वर्ज्य, कारण पाठ असलेले डोळा वाचत नाही, जीभ वाचते. त्याच दासबोधात १९व्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे, हे मला पुष्कळ नंतर उमगले. आज आपली नातवंडे आरत्या तोंडपाठ म्हणतात. अनोळखी मराठी ओळीपाशी मात्र अडखळतात. पाठांतराने उच्चार टिकतो, अक्षर नव्हे. म्हणून त्यांच्यापुढे रोज पोथी उघडावी, कोठेही.