बलूनची कुळकथा

दिल्लीत द्वारका सेक्टर २१हून मेट्रो सुटते तेव्हा डब्यात बसायला हवी तेवढी जागा असते. राजीव चौक येईतो पाय ठेवायला जागा उरत नाही. तरी डब्याची फरशी फलाटाच्या पातळीलाच राहते, आणि व्हीलचेअर आत घेताना पायरी आडवी येत नाही. हे काम डब्याखालच्या रबरी बलूनचं. वजन वाढलं की झडप उघडते, बलूनमध्ये हवा शिरते आणि डबा पुन्हा मूळ उंचीवर येतो. या एअर सस्पेन्शनचं कौतुक होतं ते मऊपणासाठी. माझ्या मते त्याचा मोठा गुण हा उंची राखण्याचा.

कल्पना जुनी आहे. अमेरिकेत विल्यम हम्फ्रीज यांनी १९०१मध्येच वाहनासाठी हवेच्या स्प्रिंगचं पेटंट घेतलं. अडलं ते हवा कोंडून धरणाऱ्या टिकाऊ रबरापाशी. १९३०च्या दशकात फायरस्टोन या टायर कंपनीने तसे बलून घडवायला घेतले. १९५३मध्ये ते जनरल मोटर्सच्या बसखाली आले, १९६४ साली जपानच्या शिंकानसेन बुलेट ट्रेनखाली. आपल्याकडे त्यांची चटक लावली पुणे-मुंबईच्या व्होल्वोने.

तोवर आपला आधार पोलादी पाटे. एसटीच्या मागच्या बाकावर बसलेल्याला त्यांचा स्वभाव ठाऊक आहे. पाटा भरल्या गाडीसाठी ताठ केलेला असतो, म्हणून रिकामी गाडी खड्ड्यात उडते. बलूनमध्ये मात्र ओझ्याबरोबर हवेचा दाब वाढतो आणि दाबाबरोबर ताठपणा, त्यामुळे गाडी भरलेली असो वा रिकामी, झोका सारखाच लागतो.

ट्रॅव्हलर गाडीचा कॅम्पर करून घेणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. पलंग, पाण्याची टाकी, बॅटऱ्या असं ओझं तिच्यावर कायमचं असतं, त्याने मागचे पाटे बसतात. पाटे काढून सगळा भार हवेवर देणं खर्चिक. पाटे ठेवून ते आणि चेसिस यांच्यामध्ये जोडबलून बसवणं सोपं, आणि बहुतेकांना तेवढं पुरतं. फक्त डाव्या-उजव्या बलूनच्या नळ्या वेगळ्या हव्यात. एकच नळी असेल तर वळणावर दबलेल्या बाजूची हवा दुसरीकडे पळते आणि गाडी अधिकच कलते. बलूनमुळे गाडीची मंजूर भारक्षमता वाढत नाही, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२मुळे मूळ रचनेतले बदल मनमानी करता येत नाहीत. म्हणून आधी टाकी भरून, सामान लादून गाडी वजनकाट्यावर न्यावी आणि पुढच्या-मागच्या ॲक्सलचं वजन वेगवेगळं काढावं.