एक्सपोजर (छायाचित्रण)

छायाचित्रणात एका चित्रासाठी फिल्मवर किंवा डिजिटल कॅमेऱ्याच्या संवेदकावर पडू दिलेल्या प्रकाशाच्या प्रमाणास एक्सपोजर असे म्हणतात. दृश्यातील उजेड, भिंगातील छिद्राचा म्हणजेच अ‍ॅपर्चरचा आकार आणि शटर उघडे राहण्याचा काळ यांवर ते ठरते. तेवढ्या प्रकाशात चित्र किती उजळ उमटेल, हे आयएसओ मूल्यावर अवलंबून असते.

तीन घटकांचा मेळ

प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होणे म्हणजे एका 'स्टॉप'चा फरक. शटरचा काळ १/१२५ सेकंदावरून १/२५० सेकंदावर नेला, की प्रकाश निम्मा होतो. छिद्राचे गणित थोडे फसवे आहे. भिंगाच्या नाभीय अंतरास छिद्राच्या व्यासाने भागले असता एफ-अंक मिळतो. त्यामुळे अंक वाढला की छिद्र लहान होते. प्रकाश छिद्राच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात आत येत असल्याने एफ/८ वरून एफ/४ वर गेल्यास तो दुप्पट नव्हे, चौपट होतो. एकेका स्टॉपची श्रेणी १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ अशी आहे.

एफ/८ व १/१२५ सेकंद आणि एफ/४ व १/५०० सेकंद या दोन्ही जोड्यांनी सारखेच एक्सपोजर मिळते, परंतु चित्रे सारखी येत नाहीत. पहिल्यात पुढच्या-मागच्या वस्तू अधिक स्पष्ट दिसतात. दुसऱ्यात धावणारा खेळाडू गोठल्यासारखा टिपला जातो, मात्र पार्श्वभूमी धूसर होते.

आयएसओ वाढवल्याने कॅमेऱ्यात जास्त प्रकाश येतो, हा समज चुकीचा आहे. डिजिटल कॅमेऱ्यात मिळालेल्या संकेताचे केवळ वर्धन होते. चित्रातील रवाळपणाचे मूळ कारण बहुतांशी अपुरा प्रकाश हेच असते.

प्रकाशमापकाची मर्यादा

कॅमेऱ्यातील प्रकाशमापक दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरतो. पांढऱ्या पोशाखातील वारकऱ्यांनी चौकट भरली असेल, तर साधा मापक कपडे मळकट दाखवतो. तेथे सुमारे एक ते दोन स्टॉप प्रकाश वाढवावा लागतो. काळ्या म्हशींच्या बाबतीत नेमके उलटे करावे लागते. डिजिटल चित्रात पूर्णपणे पांढऱ्या पडलेल्या भागातील तपशील परत मिळवता येत नाही, म्हणून तेजस्वी भाग जपणे महत्त्वाचे ठरते. निगेटिव्ह फिल्मला मात्र कमी प्रकाश अधिक बाधतो.

मापक नसल्यास भर उन्हासाठी एक जुना ठोकताळा आहे: छिद्र एफ/१६ आणि शटरचा काळ आयएसओ अंकाच्या व्यस्ताइतका, म्हणजे आयएसओ १०० असल्यास सुमारे १/१०० सेकंद.

एक प्रसिद्ध उदाहरण

अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ येथे चंद्रोदयाचे छायाचित्र घेतले, तेव्हा त्यांना प्रकाशमापक सापडेना. चंद्राची तेजस्विता दर चौरस फुटास २५० कँडल असते, हे त्यांना आठवले. त्यावरून हिशेब करून त्यांनी एफ/३२ वर एक सेकंदाचे एक्सपोजर दिले. दुसरे चित्र घेण्यापूर्वीच स्मशानभूमीतील क्रुसांवरचे ऊन सरले. एकमेव निगेटिव्हमधील जमिनीचा भाग फिका असल्याने १९४८ मध्ये अ‍ॅडम्स यांनी तो रासायनिक प्रक्रियेने गडद करून घेतला.