जुनी औद्योगिक भट्टी सुधारायची आहे? कर्जावरील व्याज सवलतीची माहिती (गाझियाबाद)

तुमच्या कारखान्यात धातू तापवण्याची, वितळवण्याची किंवा काच-सिरॅमिक भाजण्याची जुनी भट्टी आहे का? तिची दुरुस्ती, नूतनीकरण किंवा बदल करण्यासाठी घेतलेल्या कर्जावर केंद्र सरकारकडून व्याज सवलत मिळू शकते. मात्र कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी ऊर्जा ऑडिट, मग कर्ज आणि त्यानंतर काम. जुनी भट्टी मोजमाप न करताच तोडली, तर किती ऊर्जा वाचली हे सिद्ध करता येत नाही.

गाझियाबादमध्ये हा बदल का गरजेचा आहे?

गाझियाबाद राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात (एनसीआर) येते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार उत्तर प्रदेश, हरियाणा आणि राजस्थानात 1 नोव्हेंबर 2017 पासून फर्नेस ऑइल व पेट कोकच्या वापरावर बंदी आली. 1 जानेवारी 2023 पासून संपूर्ण एनसीआरमधील उद्योगांना फक्त मान्यताप्राप्त इंधनेच वापरता येतात. त्यामुळे अनेक भट्ट्या पाइप गॅसवर किंवा विजेवर आल्या. तेलासाठी बांधलेल्या भट्टीला नुसता गॅस बर्नर बसवला आणि अस्तर, दरवाजे व चिमणी जुनीच ठेवली, तर गॅसचे बिल वाढतच राहते.

योजना कोणती?

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची एडीईईटीआयई योजना 15 जुलै 2025 रोजी पानिपत येथे सुरू झाली. तिचा कालावधी 2025-26 ते 2027-28 असून तरतूद 1000 कोटी रुपये आहे.

तुम्हाला काय मिळेल?

• सूक्ष्म व लघु उद्योगांना कर्जाच्या व्याजात 5 टक्के सवलत
• मध्यम उद्योगांना 3 टक्के सवलत
• ऊर्जा ऑडिट व सविस्तर प्रकल्प अहवाल तयार करण्यासाठी साहाय्य

उदाहरण: तुम्ही 20 लाख रुपयांचे कर्ज 11 टक्के व्याजाने घेतले. लघु उद्योग असल्यास व्याजाचा भार 6 टक्के राहील. संपूर्ण 20 लाखांवर हिशेब केला, तर वर्षाला 1 लाख रुपये वाचतात. मुद्दल फिटत जाईल तशी ही रक्कम कमी होत जाते.

पात्रता

• उद्यम नोंदणी असावी. ही नोंदणी मोफत असून ती आधार व पॅनच्या आधारे ऑनलाइन होते.
• उद्योग योजनेतील 14 क्षेत्रांपैकी असावा. फोर्जिंग, फाउंड्री, पोलाद रि-रोलिंग, पितळ, काच, सिरॅमिक आणि वीट ही त्यांतील काही क्षेत्रे. तुम्ही फक्त हीट ट्रीटमेंटचे जॉबवर्क करत असाल, तर अर्जापूर्वी चौकशी करा.
• सुधारणेमुळे किमान 10 टक्के ऊर्जा बचत व्हावी.
• योजना टप्प्याटप्प्याने लागू होते: प्रथम 60 औद्योगिक समूह, नंतर आणखी 100. तुमचा समूह यादीत आहे का, हे योजनेच्या पोर्टलवर तपासा.

10 टक्के बचत कशी साधते?

1. चिमणीतून जाणाऱ्या गरम वायूंची उष्णता रिक्युपरेटरने परत घेऊन बर्नरची हवा तापवणे. हवा सुमारे 20 अंश सेल्सिअसने अधिक तापली, की साधारण 1 टक्का इंधन वाचते. म्हणजे 200 अंशांची वाढ झाल्यास सुमारे 10 टक्के.
2. बर्नरला हवा व गॅस योग्य प्रमाणात देणे. जास्तीची हवा भट्टीतील उष्णता चिमणीतून बाहेर नेते.
3. रोज पेटवून विझवल्या जाणाऱ्या भट्टीत जड विटांऐवजी सिरॅमिक फायबरचे अस्तर लावणे. हे अस्तर स्वतः कमी उष्णता शोषते. वितळलेला धातू थेट लागतो तिथे मात्र ते वापरू नये.
4. दरवाज्याच्या फटी बंद करणे आणि तापमान नियंत्रक बसवणे.

अर्ज कसा करावा?

1. मागील 12 महिन्यांची गॅस व वीज बिले आणि उत्पादनाची नोंद एकत्र करा.
2. योजनेच्या पोर्टलवर उद्यम क्रमांकासह नोंदणी करा.
3. ऊर्जा ऑडिट करून घ्या. सध्या एक टन मालाला किती इंधन लागते, याची लेखी नोंद घ्या.
4. प्रकल्प अहवालासह बँकेत कर्जाचा अर्ज करा.
5. कर्ज मंजूर झाल्यावर काम करा. काम झाल्यानंतर बचतीची पुन्हा मोजणी होते.

इंधन बदलत असाल, तर प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रातही तशी दुरुस्ती करून घ्या.

नेहमीचे प्रश्न

तारण नाही, कर्ज मिळेल का?
सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी सीजीटीएमएसई ही पतहमी योजना आहे. 1 एप्रिल 2025 पासून तिची मर्यादा 10 कोटी रुपये आहे. कर्ज द्यायचे की नाही, हा निर्णय बँकेचाच असतो.

मी भट्ट्या बांधतो व दुरुस्त करतो. मला सवलत मिळेल का?
ही सवलत भट्टी वापरणाऱ्या कारखान्याच्या कर्जावर आहे. मात्र तुमच्या कोटेशनमध्ये प्रति टन इंधन खप व अपेक्षित बचत स्पष्ट लिहिली, तर ग्राहकाला प्रकल्प अहवाल करणे सोपे जाते.

आमचा कारखाना कोल्हापुरात आहे. योजना लागू आहे का?
ही केंद्राची योजना आहे, त्यामुळे ती फक्त उत्तर प्रदेशापुरती नाही. तुमचे क्षेत्र व समूह यादीत आहे का ते पाहा.

मदत कुठे मिळेल?
गाझियाबादमध्ये जिल्हा उद्योग प्रोत्साहन व उद्यमिता विकास केंद्रात, तर महाराष्ट्रात आपल्या जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करा. नवीन भट्टीची आगाऊ रक्कम देण्यापूर्वीच तिथे जा.