लिदीची ऊब

रोमचा सम्राट टायबेरियस याला काकडीचं भारी वेड. ताटात काकडी नाही असा दिवस जात नसे, असं थोरल्या प्लिनीनं लिहून ठेवलं आहे. हिवाळ्यातही ती हवी, म्हणून माळ्यांनी वाफ्यांनाच चाकं लावली. ऊन पडलं की वाफे बाहेर ढकलायचे, गारठा वाढला की आडोशाला न्यायचे आणि वर पारदर्शक दगडाच्या पातळ पापुद्र्यांची झाकणं ठेवायची. हा दगड म्हणजे स्फटिकरूप जिप्सम, स्पेनमधल्या सेगोब्रिगा भागातल्या खाणींतून येणारा. ती काकडी आज आपण कोशिंबिरीत घालतो ती नव्हेच, आपल्या चिबुडाच्या कुळातली असावी, असं अलीकडचे अभ्यासक म्हणतात. काही असो, सम्राटाच्या जिभेपायी रोपांना रात्री पांघरूण घालायची युक्ती निघाली, आणि त्याच शतकातल्या कोलुमेलानं ती आपल्या शेतीच्या ग्रंथात नोंदवली.

त्याच्या थोडं आधी, इ.स.पू. 33 मध्ये, चीनच्या राजवाड्यात छपराखाली रात्रंदिवस विस्तव पेटता ठेवून हिवाळ्यात कांद्याची पात वाढवत असत. एका मंत्र्यानं हे अकाली अन्न प्रकृतीला अपायकारक म्हणून बंद करवलं. त्यातून खजिन्याचा बराच खर्चही वाचला. विस्तव जाळून रोपं वाढवणं हा राजेरजवाड्यांचा खेळ होता. गरिबाला परवडेल अशी ऊब वेगळीकडून यायची होती, ती घोड्याच्या तबेल्यातून आली.

उकिरड्यावरून थंडीच्या सकाळी वाफ निघताना गावाकडे सगळ्यांनीच पाहिली असेल. आंब्याची आढी हातानं चाचपली की आत गरम लागते, तसाच हा प्रकार, फक्त इथे ऊब निर्माण करतात ते सूक्ष्मजीव. गाईचं शेण या कामाला फारसं चालत नाही. चार कप्प्यांच्या पोटातून रवंथ होऊन आलेलं ते ओलं, दाट आणि बरंचसं पचलेलं असतं. घोडा रवंथ करत नाही, त्यामुळे लिदीत काडीकचरा बराच उरतो. त्यात तबेल्यातलं मुतानं भिजलेलं काड मिसळलं की हवा खेळती राहते आणि ढीग तापतो. तो पासष्ट-सत्तर अंशांपर्यंत सहज जातो. अकराव्या शतकात स्पेनमधल्या तोलेदोचा शेतीतज्ज्ञ इब्न बस्साल खताच्या उबेवर रोपं लवकर काढण्याची रीत सांगतो. तिथून पुढे युरोपभर ही विद्या पसरली.

तिला राजाश्रय मिळाला तो व्हर्सायमध्ये. चौदाव्या लुईचा बागप्रमुख ज्याँ-बाप्तिस्त द ला कँतिनी हा मूळचा वकील. 1678 ते 1683 या काळात त्यानं दलदलीची जागा भरून राजाचा भाजीमळा उभा केला. राजाच्या तबेल्यांतली लीद, वर काचेच्या घंटा आणि काचेची झाकणं, एवढ्या भांडवलावर ऐन हिवाळ्यात शतावरीचे कोंब आणि मार्चअखेर स्ट्रॉबेरी राजाच्या ताटात जाऊ लागली. 1688 मध्ये तो वारला आणि त्याचा ग्रंथ दोन वर्षांनी छापून आला. भाजीमळा आजही तिथे आहे.

पण ही कला खऱ्या अर्थानं वयात आली ती राजवाड्यात नव्हे, पॅरिसच्या वेशीवरच्या भाजीवाल्यांच्या हातात. शहरात बग्ग्या, घोड्यांच्या बसगाड्या, लष्कराचे तबेले. लीद हवी तेवढी. माळी सकाळी भाजी बाजारात नेई आणि येताना गाडीत लीद भरून आणी. आणलेली लीद लगेच वाफ्यात घालायची नाही. ती ढिगात घालून दोन-तीनदा उलथायची, म्हणजे डोळ्यांना झोंबणारा अमोनिया निघून जातो. तो राहिला तर कोवळी रोपं एका रात्रीत करपतात. मग हातभर जाडीचा थर पायांनी दाबून वर वीतभर मुरलेली मऊ खत-माती पसरायची. बी कधी टाकायचं? ढिगात एक काठी खुपसून ठेवायची, थोड्या वेळानं उपसून मुठीत धरायची. हाताला चटका बसला तर अजून थांबायचं. काठी नुसती सुखद कोमट लागली की पेरायचं.

वरच्या घंटा हिरवट काचेच्या, हातभर उंच. लेट्यूसची पंचवीस-तीस रोपटी एकीखाली मावत. दिवसा ऊन तापलं की खाच पाडलेल्या लाकडी खुंटीवर घंटेची एक कड उचलून वारा द्यायचा, नाहीतर रोपं आतच शिजायची. आणि दिवस कलला की त्यावर राय धान्याच्या काडाच्या विणलेल्या चटया पसरायच्या. कडाका वाढला तर दुहेरी-तिहेरी. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातली मोलाची वस्तू ही चटईच. काच दिसते म्हणून तिचं कौतुक झालं, पण रात्री काम करायचं ते काडानं. निरभ्र रात्री जमीन आणि पानं आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहतात. काडातली कोंडलेली हवा तिला अडवते.

मोरो आणि दाव्हेर्न या दोन माळ्यांनी 1845 मध्ये ही सारी विद्या पुस्तकात मांडली. रशियन विचारवंत क्रोपोटकिन या विद्येवर इतका खूश होता की छोट्या तुकड्यावर माणसं किती पिकवू शकतात याचा दाखला म्हणून त्यानं पॅरिसच्या माळ्यांना आपल्या पुस्तकात पुढे केलं. जागा सोडताना हे माळी वर्षानुवर्षं घडवलेली मातीसुद्धा उचलून नेत, असं तो सांगतो. मला ही गोष्ट फार आवडते. भाड्याची जमीन मालकाची, माती मात्र आपली!

मग मोटार आली. पॅरिसची घोड्यांची शेवटची बसगाडी जानेवारी 1913 मध्ये धावली. घोडा गेला, तशी स्वस्त लीद गेली, आणि लिदीवर उभा असलेला धंदाही उताराला लागला. बंदी कुणी घातली नव्हती, की कला कुणी विसरलं नव्हतं.

काचेची जागा पुढे प्लास्टिकनं घेतली. काच परवडत नाही म्हणून अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठात एमरी एमर्ट यांनी 1948 मध्ये सेलोफेनचं हरितगृह बांधलं, त्याच्या मागोमाग पॉलिथिन आलं. ते स्वस्त, हलकं, न फुटणारं. एक खोट मात्र आहे. काच जमिनीतून निघणारी उष्णता अडवते, साधं पॉलिथिन ती बरीचशी आरपार जाऊ देतं. त्यामुळे वारा पडलेल्या स्वच्छ रात्री प्लास्टिकच्या बोगद्यात कधीकधी बाहेरच्यापेक्षाही गार होतं. उत्तर चीनमधल्या शेतकऱ्यांनी यावर जुनाच उपाय काढला. उत्तरेला जाड भिंत, दक्षिणेला प्लास्टिक, आणि संध्याकाळी त्यावर काडाची चटई सोडायची. शेगडीशिवाय तिथे हिवाळ्यात काकडी पिकते. टायबेरियस खूश झाला असता.

आपल्याकडे या खटाटोपाची गरज थोडेच दिवस पडते. पण निफाडमध्ये पारा पाच अंशांखाली उतरतो तेव्हा द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात आणि पहाटे विहिरीचं कोमट पाणी सोडलं जातं. डिसेंबर-जानेवारीत लावलेल्या कलिंगड-खरबुजाच्या रोपांवर पांढऱ्या क्रॉप कव्हरचे बोगदे आता सगळीकडे दिसतात. ते कापड जेमतेम 17 ग्रॅम वजनाचं, म्हणजे चौरस मीटरला. त्यातून ऊन, पाणी आत जातं. थोडी ऊब राहते, किडीपासूनही बचाव होतो.

गच्चीवर किंवा शेतात यंदा रोपं लावणार असाल तर दुपारी माती ओली करून ठेवा. ओली माती कोरडीपेक्षा जास्त उष्णता साठवते. झाकायचं ते सूर्य मावळायच्या आत झाका. अंधार पडल्यावर घातलेलं पांघरूण जमिनीची निघून गेलेली ऊब परत आणत नाही. आणि सकाळी ऊन चढायच्या आत कड उचलायला विसरू नका.