वारली चित्रकला : सहजीवन आणि समतेचा शोध

नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा हा गुजरातच्या सीमेलगतचा, कोकणा, वारली, महादेव कोळी आदी समाजांचा आदिवासीबहुल तालुका होय. स्वातंत्र्यापूर्वी येथे संस्थान होते. येथून डहाणू-तलासरीपर्यंतच्या डोंगरपट्ट्यात राहणाऱ्या वारली समाजाची चित्रकला सहजीवनाच्या इतिहासाचे मोलाचे साधन ठरते.

विवाहप्रसंगी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवासिनी 'चौक' लिहितात. त्यात पालघट देवीची प्रतिष्ठा असते. त्रिकोण, वर्तुळ व रेषा यांतून माणूस, पशू, वृक्ष साकारतात. तारप्याभोवतीच्या फेरात श्रीमंत-गरीब असा भेद चेहऱ्यांवरून ओळखता येत नाही.

चित्रातील ही समता प्रत्यक्ष जीवनात मात्र नव्हती. जमीनदार-सावकारांच्या वेठबिगारीविरुद्ध तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील वारल्यांना १९४५ मध्ये गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली लढा द्यावा लागला. न्यायावाचून शांतता टिकत नाही, हेच त्यातून सिद्ध होते.

१९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांनी ही कला कागदावर आली. जिव्या सोमा म्हसे (१९३४-२०१८) यांनी ती जगभर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तथापि, कीर्ती व बाजारपेठ प्रामुख्याने पुरुष चित्रकारांच्या वाट्याला आली आणि चौक लिहिणाऱ्या असंख्य स्त्रिया अनामिक राहिल्या. त्यांच्या श्रेयाची नोंद झाल्याशिवाय या कलेतील मानवतेचा इतिहास अपूर्णच राहील.