वाक्-संश्लेषण, मराठी
संगणकावरील लिखित मजकूर कृत्रिम आवाजात ऐकवणारे तंत्र. रोजच्या बोलण्यात ‘टेक्स्ट टू स्पीच’. आधी अंक व संक्षेप यांचे शब्द होतात, मग उच्चार ठरतात, शेवटी ध्वनी घडतो. मराठीची कसोटी मधल्या पायरीवर लागते. ‘घर’मधला र लिहिताना पूर्ण, बोलताना हलन्त. ‘जग’ म्हणजे दुनिया असेल तर ज तालव्य, ‘जगणे’चे आज्ञार्थी रूप असेल तर दंततालव्य, अक्षरे तीच, म्हणून यंत्र अडखळते.

अडचण उच्चारापुरती नाही, मजकुराच्या संकेतांचीही आहे. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या संगणन संस्थेच्या जिस्ट तंत्रज्ञानाने भारतीय लिप्या संगणकावर रुळवल्या; श्रीलिपी हा फाँटसंचही पुण्याचाच. गंमत अशी, की जुन्या फाँटांत टंकलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण आत रोमन अक्षरांचे संकेत असल्याने कानांवर निरर्थक बडबड येते. तो आधी युनिकोडमध्ये आणावा लागतो.

‘ई-स्पीक एनजी’ हे मोफत इंजिन मराठी बोलते. अंधांना पडद्यावरील मजकूर ऐकवणाऱ्या ‘एनव्हीडीए’ या मोफत पडदावाचकात ते अंतर्भूत असते. आवाज कोरडा, यंत्रमानवासारखा. पण वेग बराच वाढवला तरी शब्द ओळखू येतात, म्हणून सरावलेले अनेक अंध वापरकर्ते गोड आवाजांपेक्षा तोच पसंत करतात.